पाकिटातले सर्वांत स्वस्त कार्ड

बेसबॉल कार्डे जमवणाऱ्या माणसाला अमेरिकेत सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘कोणते पाकीट घेऊ?’ दुकानाच्या फळीवर एकाच खेळाची, त्याच खेळाडूंची आणि बहुतेक एकाच कंपनीची पाच-सात तऱ्हेची पाकिटे ओळीने लावलेली असतात. कुठले स्वस्त, कुठले महाग. कुठल्यात दहा-बारा कार्डे, कुठल्यात चारच. वीस वर्षांहून अधिक काळ मी हा छंद करीत आलो आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींत हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे मुलांचे आईबाप मलाच विचारतात, आणि भारतातून उन्हाळ्यात आलेले आजी-आजोबाही नातवाला काय घेऊन द्यावे म्हणून विचारतात. प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर मात्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अवघड होऊन बसले आहे. ते का अवघड झाले हे समजून घेणे केवळ बेसबॉलच्या शौकिनांच्याच नव्हे, तर घरात लहान मूल आणि त्याच्या हातात फोन असलेल्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे.

ज्यांनी हे कार्ड पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच असा हा जाड कागदाचा तुकडा. पुढच्या बाजूला खेळाडूचे छायाचित्र, मागच्या बाजूला त्याचे नाव, जन्मगाव, उंची, वजन आणि प्रत्येक मोसमातली त्याची कामगिरी आकड्यांत मांडलेली. प्रत्येक कार्डाला क्रमांक असतो आणि अशा काहीशे कार्डांचा मिळून एक संच होतो. पाकीट बंद असते. आत कोण आहे हे फोडल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे काडेपेटीचे छाप, सिगारेटची रिकामी पाकिटे किंवा पोस्टाची तिकिटे जमवलेल्या पिढीला यातली गंमत वेगळी समजावून सांगायला नको.

या पाकिटांची तुलना करण्याची आजची रूढ पद्धत अशी: कुठल्या पाकिटातून जास्तीत जास्त किमतीचे कार्ड निघू शकते, आणि ते निघण्याची शक्यता किती? दुकानदार याच भाषेत बोलतो, कंपनीची जाहिरात याच भाषेत असते आणि आता दहा वर्षांचे पोरही याच भाषेत बोलू लागले आहे. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. पाकिटाची परीक्षा त्यातल्या सर्वांत महाग कार्डावरून करू नये. सर्वांत स्वस्त कार्डावरून करावी. महागडे कार्ड हजारांत एकाला मिळते. स्वस्त कार्ड प्रत्येकाला मिळते. न लागलेले लॉटरीचे तिकीट आणि पाकिटातून निघालेले साधे कार्ड यांत काही फरक उरतो की नाही, एवढाच प्रश्न पाकीट विकत घेताना विचारायला हवा. फरक उरत असेल तर तो छंद. उरत नसेल तर तो मटका. मग त्यावर बेसबॉलची बॅट छापलेली असो की आणखी काही.

पाकिटांचा इतिहास पाहिला तर ही ओढाताण जुनीच असल्याचे दिसते. ही कार्डे प्रथम मुलांसाठी नव्हतीच. ती सिगारेटच्या पाकिटातून येत. नाजूक पाकीट चेपू नये म्हणून आत एक पुठ्ठ्याचा तुकडा घालायचा आणि त्यावर चित्र छापायचे, म्हणजे गिऱ्हाईक आपल्याच मालाला चिकटून राहते. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेल्या अशाच मालिकेत पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचे कार्ड होते. त्याने स्वतःच आपले चित्र छापू देण्यास नकार दिला असे सांगतात. मुलांनी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून, की मोबदल्यावरून, यावर अजून वाद चालतो. कार्ड लवकर बंद झाले एवढे खरे. आज त्याच्या मोजक्याच प्रती शिल्लक असल्याचे मानतात आणि २०२२ साली त्यातली एक सव्वासात दशलक्ष डॉलरना विकली गेली.

पुढे तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली आणि गिऱ्हाईक झाले शाळकरी पोर. बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीने १९३३ साली २४० क्रमांकांचा संच काढला. एक सेंटाला एक कार्ड आणि गमची एक वडी. महामंदीचे ते दिवस. एक सेंट ही त्या मुलांच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हती. मुले जमवत गेली, आणि १०६ क्रमांकाचे कार्ड काही कुणाला मिळेना. मिळणार कसे? ते त्या वर्षी छापलेच नव्हते. तक्रारीची पत्रे आल्यावर कंपनीने १९३४ मध्ये नॅप लाजोय या कधीच निवृत्त झालेल्या खेळाडूचे १०६ क्रमांकाचे कार्ड छापले आणि ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांना टपालाने पाठवले. संच अपुरा राहिला की पोर पुन्हा पुन्हा सेंट घेऊन येते, ही युक्ती नव्वद वर्षांपूर्वीच सापडली होती. पण त्या व्यवहारातही एक गोष्ट शाबूत होती. उरलेली २३९ कार्डे मुलांना हवी होती. ती ‘न लागलेली’ कार्डे नव्हती.

आजच्या कार्डाचा साचा घडला तो ब्रुकलिनमध्ये. टॉप्स या गम कंपनीतल्या साय बर्गर नावाच्या नोकरदाराने आपल्या घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून १९५२ च्या संचाची आखणी केली. ठसठशीत रंगीत चित्र, संघाचे बोधचिन्ह, खेळाडूची सही, आणि पाठीमागे गेल्या मोसमाचे व एकूण कारकिर्दीचे आकडे. एकूण ४०७ कार्डे, सहा भागांत. शेवटचा भाग बाजारात आला तोवर मोसम संपत आला होता आणि मुलांचे लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे वळले होते. माल पडून राहिला. बर्गर यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे १९६० साली ती खोकी कचऱ्याच्या गाड्यांत भरून, तराफ्यावर चढवून, आमच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यापुढे अटलांटिक समुद्रात बुडवण्यात आली. त्या शेवटच्या भागाचे पहिले कार्ड, क्रमांक ३११, होते मिकी मँटलचे. गंमत म्हणजे छपाईच्या ताव्यावर ते दोनदा घेतलेले होते. म्हणजे शेजारच्या बहुतेक कार्डांपेक्षा ते दुपटीने छापले गेले. त्याचीच एक उत्तम राखलेली प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरना गेली. तेव्हाच्या भावाने हे सुमारे शंभर कोटी रुपये होतात.

ही किंमत कुणी ठरवून निर्माण केलेली नव्हती हे लक्षात घेण्यासारखे आहे. मुलांनी ती कार्डे हाताळली, भिंतीशी उडवून खेळली, सायकलच्या चाकात आवाज यावा म्हणून अडकवली. पोरे कॉलेजला गेल्यावर आयांनी खोकी रद्दीत काढली. एवढ्या सगळ्यातून जे वाचले ते दुर्मीळ झाले. दुर्मीळपणा हा वापराचा परिणाम होता. आज तो कारखान्यात तयार होतो. जुन्या आणि नव्या पाकिटातला खरा फरक हाच.

हा बदल एका दिवसात झाला नाही. टॉप्सने १९५६ मध्ये आपला मुख्य प्रतिस्पर्धी बोमन विकत घेतला आणि पुढची पंचवीस वर्षे जवळजवळ एकहाती धंदा केला. फिलाडेल्फियाच्या फ्लीअर कंपनीने न्यायालयात दाद मागितली आणि १९८० साली निकाल तिच्या बाजूने लागला. त्यामुळे १९८१ मध्ये टॉप्स, फ्लीअर आणि डॉनरस अशा तिघांची पाकिटे दुकानात आली. त्याच वर्षी अपिलात निकाल फिरला; पण टॉप्सचा हक्क गम किंवा गोळ्यांबरोबर विकल्या जाणाऱ्या कार्डांपुरता होता. मग फ्लीअरने गमऐवजी संघांच्या बोधचिन्हांचे स्टिकर घातले, डॉनरसने चित्रकोड्याचे तुकडे घातले, आणि धंदा चालू राहिला. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा सुखाचा काळ. तीन पाकिटांची तुलना करायची ती छायाचित्र कुणाचे चांगले, पाठीमागचा मजकूर कुणाचा वाचनीय, यावरून. टॉप्सच्या गमचा डाग शेवटच्या कार्डावर पडायचा ही एक कायमची तक्रार. तो गमही १९९२ पासून पाकिटातून गेला.

१९८९ साली अप्पर डेक ही नवी कंपनी आली आणि तिने बाजाराची चालच बदलली. मेणकागदाचे पाकीट हलक्या हाताने उघडून, चांगले कार्ड काढून घेऊन, पुन्हा इस्त्रीने चिकटवता येत असे. अप्पर डेकने चकचकीत वेष्टन आणले, ते फाडल्याशिवाय उघडत नसे. कागद पांढराशुभ्र, दोन्ही बाजूंना रंगीत छायाचित्रे, नक्कल टाळण्यासाठी होलोग्राम. पहिल्या क्रमांकाचे कार्ड केन ग्रिफी ज्युनिअर या नवख्या पोराचे. किंमत इतरांच्या जवळजवळ दुप्पट, तरी खप धडाक्याने झाला. तोवर जुन्या कार्डांच्या किमतींच्या बातम्या सर्वत्र पसरल्या होत्या. लोक खोकीच्या खोकी न फोडता माळ्यावर ठेवू लागले, मुलाच्या कॉलेजची तरतूद म्हणून. पण जे सगळेच जपून ठेवतात ते दुर्मीळ कसे होणार? कंपन्यांनी मागणीप्रमाणे अफाट छापले. ऑगस्ट १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सिरीजच रद्द झाली आणि उरलासुरला उत्साहही ओसरला. त्या काळातली न फोडलेली खोकी आजही किरकोळ भावाने मिळतात. छंदाला गुंतवणूक समजण्याचे फळ याहून स्पष्ट दुसरे दिसणार नाही.

यातून कंपन्यांनी धडा घेतला, पण वेगळाच. साध्या कार्डाला किंमत राहिली नाही ना, मग मुद्दाम थोडीच छापलेली कार्डे पाकिटात लपवू. अप्पर डेकने १९९० मध्येच रेजी जॅक्सनने स्वतः सही केलेली अडीच हजार कार्डे पाकिटांत विखरून टाकली होती. डॉनरसने १९९१ मध्ये क्रमांक छापलेली मर्यादित कार्डे आणली. टॉप्सने १९९३ मध्ये प्रकाशात इंद्रधनुष्यासारखी झळकणारी कार्डे काढली. १९९७ मध्ये तर खेळाडूने प्रत्यक्ष सामन्यात घातलेल्या सदऱ्याचा तुकडा कापून कार्डात बसवण्यात आला. असे कार्ड जाड असते. लगेच दुकानात पाकिटे बोटांनी चाचपणारे आणि खिशात छोटा वजनकाटा घेऊन फिरणारे महाभाग निर्माण झाले. त्यांना चकवण्यासाठी कंपन्यांनी काही पाकिटांत कोरा जाड पुठ्ठा घालायला सुरुवात केली. सोन्याच्या पेढीवर शोभावेत असे हे डावपेच मुलांच्या खेळण्याभोवती सुरू झाले, यातच सगळे आले.

हा जुगार आहे, अशी फिर्याद घेऊन काही पालक आणि गिऱ्हाईक अमेरिकेत न्यायालयात गेले. पैसा मोजायचा, नशिबावर हवाला ठेवायचा आणि बक्षिसाची आशा करायची, ही जुगाराची तीनही लक्षणे इथे आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. २००२ साली एका संघीय अपील न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. गिऱ्हाइकाने कार्डांसाठी आणि संधीसाठी पैसे दिले. कार्डे मिळाली, संधीही मिळाली. मग नुकसान कसले, असा त्या निकालाचा आशय. कायद्याच्या चौकटीत तो बरोबर असेल. पण त्यातच एक गृहीत धरलेले आहे की, पाकिटातून निघालेली साधी कार्डे ही काहीतरी मिळाल्यासारखी आहेत. ते गृहीत खरे ठेवण्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. तो आपल्यापुढे आहे.

आता फळीवरच्या पाकिटांकडे वळू. मेजर लीगच्या संघांची बोधचिन्हे वापरण्याचा हक्क २०१० पासून एकट्या टॉप्सकडे आला, आणि २०२२ च्या जानेवारीत टॉप्सचा कार्डांचा धंदा फॅनॅटिक्स या कंपनीने विकत घेतला. त्यामुळे ही तुलना म्हणजे एकाच घरातल्या भावंडांची तुलना आहे. पण भावंडांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत.

सर्वांत थोरले ते टॉप्सचे मुख्य पाकीट. वर्षाच्या सुरुवातीला पहिला भाग, उन्हाळ्याच्या तोंडाशी दुसरा, आणि मोसमाच्या अखेरीस बदललेल्या संघांचा व नवख्या खेळाडूंचा तिसरा. २०२४ च्या पहिल्या भागात ३५० कार्डांचा संच होता. यातही सह्या, सदऱ्यांचे तुकडे, सोनेरी कडांची मर्यादित कार्डे आहेतच. तरीही या पाकिटातले सर्वांत स्वस्त कार्ड कामाचे असते, कारण ते संचातली एक जागा भरते. चौथ्या क्रमांकाच्या पिचरचे किंवा बाकावर बसणाऱ्या राखीव खेळाडूचे कार्डही हवेसे वाटते ते यामुळेच. मुलाला घ्यायचे असेल तर मी याच पाकिटाकडे बोट दाखवतो.

दुसरे ‘हेरिटेज’. हे २००१ मध्ये १९५२ च्या नमुन्यावर सुरू झाले आणि दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते; म्हणजे २०२४ च्या पाकिटात आजचे खेळाडू १९७५ च्या दुरंगी चौकटीत दिसतात. कागद जुन्या पद्धतीचा, चमक नाही. ज्यांनी लहानपणी ती कार्डे हाताळली त्या आजोबांना आणि त्यांच्या नातवाला एकत्र बसून बघता येईल असे हे पाकीट आहे. त्यात खोट एकच: संचातली काही कार्डे मुद्दाम कमी छापलेली असतात, त्यामुळे संच पुरा करू म्हणणाऱ्याची दमछाक होते. गाउडीचा १०६ क्रमांक अजून मेलेला नाही तो असा.

तिसरे ‘अ‍ॅलन अँड गिंटर’. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरातल्या एकोणिसाव्या शतकातल्या सिगारेट कंपनीचे नाव टॉप्सने २००६ मध्ये पुन्हा वापरात आणले. यात बेसबॉलपटूंच्या जोडीला इतर खेळांतली माणसे, निरनिराळ्या क्षेत्रांतले नामवंत, प्राणी, पक्षी, वास्तू असे काहीही निघते, आणि जुन्या सिगारेट कार्डाच्या आकाराचे एक चिमुकले कार्डही. ज्या घरात बेसबॉल कुणालाच कळत नाही तिथेही हे पाकीट फोडले की अर्धा तास गप्पा होतात. माझ्या कसोटीला हे उत्तम उतरते. इथे स्वस्त कार्ड वाचण्याजोगे असते.

यापुढची दोन पाकिटे वेगळ्या जातीची. ‘बोमन’ मध्ये बहुसंख्य चेहरे अजून मेजर लीगमध्ये न पोहोचलेल्या पोरांचे. कुणी अठरा वर्षांचा, कुणी नुकताच कॉलेजातून आलेला. त्यातला एखादा पुढे मोठा झाला तर त्याच्या पहिल्या सहीच्या कार्डाला अपार किंमत येते. माइक ट्राउटचे २००९ चे असे एकमेव कार्ड २०२० साली जवळजवळ एकोणचाळीस लाख डॉलरना विकले गेले. पण ट्राउट एखादाच. बाकीच्या बहुतेकांची नावे दहा वर्षांनी कुणाला आठवत नाहीत. खालच्या दर्जाच्या लीगमधले सामने आवडीने पाहणाऱ्याला या पाकिटात खराखुरा रस असू शकतो. इतरांसाठी तो पोरांच्या भवितव्यावर लावलेला डाव आहे. आणि ‘क्रोम’ म्हणजे मुख्य संचाचीच निवडक कार्डे चकचकीत मुलाम्यावर छापलेली, पाकिटात अवघी चार. खोक्याची किंमत शंभर डॉलरच्या कितीतरी पुढे. ती दिसायला देखणी असतात हे मान्य. पण त्यांच्या रंगांच्या पायऱ्या, म्हणजे निळी दीडशे, सोनेरी पन्नास, नारिंगी पंचवीस, लाल पाच आणि शेवटी एकच, या इतक्या झाल्या आहेत की साधे क्रोम कार्ड फोडणाऱ्याच्या हातातून थेट टेबलाखालच्या खोक्यात पडते. दुकानांत ही साधी कार्डे लोक तिथेच टाकून जातात. जे कार्ड विकत घेणाऱ्यालाच घरी न्यावेसे वाटत नाही, त्या पाकिटाने नेमके काय विकले?

संच जमवणे महाग पडते, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याचे कारण कंपनीत नसून गणितात आहे. पाकिटे पूर्णपणे नशिबावर भरलेली आहेत असे धरा. ३५० कार्डांच्या संचातली निम्मी, म्हणजे १७५ वेगवेगळी कार्डे जमायला सरासरी सुमारे २४२ कार्डे विकत घ्यावी लागतात. ठीक वाटते. पण सगळी ३५० एकट्याने जमवायची म्हटली तर सरासरी सुमारे २,२५० कार्डे घ्यावी लागतात! त्यातली हजाराहून अधिक केवळ शेवटच्या दहा कार्डांसाठी, आणि अगदी शेवटच्या एका कार्डासाठी ३५०. या हिशेबाने तुमच्या घरात १,९०० दुबार कार्डे साचतात. एकट्याने हा खेळ खेळणे म्हणजे हट्टाने तोट्यात जाणे होय.

परंतु हेच गणित दुसऱ्या बाजूने वाचा. तुमच्याकडे तिसऱ्यांदा आलेले कार्ड शेजारच्या मुलाला अजून एकदाही मिळालेले नाही. त्याची दुबार कार्डे म्हणजे तुमची शेवटची दहा. पाच-सहा मुले एकत्र आली की हा डोंगर झपाट्याने उतरतो. म्हणजे संचाचे पाकीट मुलाला घराबाहेर काढते, दुसऱ्याच्या दारात नेते, ‘माझे दोन घे, तुझे एक दे’ अशी घासाघीस शिकवते. तिथे स्वस्त कार्ड हे चलन असते. उलट, दुर्मीळ कार्डाच्या मागे लागलेल्याला शेजाऱ्याची गरजच नसते. त्याला हवे ते शेजाऱ्याकडे नाही आणि शेजाऱ्याला द्यावे असे त्याच्याकडे काही नाही. हल्ली तर पाकीट स्वतः फोडण्याचीही जरूर राहिलेली नाही. दूर कुठेतरी एखादा माणूस कॅमेऱ्यापुढे खोक्यामागून खोकी फोडतो आणि शेकडो लोक एकेका संघाच्या कार्डांवर आधीच पैसे लावून घरबसल्या बघतात. तुमच्या संघाचे काही निघाले नाही तर तुमच्या हाती रिकामी हवा. साधे कार्डसुद्धा नाही.

यावर कुणी म्हणेल, नशीब आजमावण्यात मौज आहे, ती मुलांना का नाकारावी? उदाहरणही ताजे देता येईल. पिट्सबर्गचा पिचर पॉल स्कीन्स याच्या २०२४ मधल्या पहिल्याच सामन्यातल्या सदऱ्यावरचे पदक बसवलेले, सही केलेले एकमेव कार्ड कॅलिफोर्नियातल्या अकरा वर्षांच्या मुलाला सापडले. पिट्सबर्गच्या क्लबने त्याच्या बदल्यात दोन आसनांची तीस वर्षांची हंगामी तिकिटे देऊ केली. कुटुंबाने कार्ड लिलावाला काढले आणि मार्च २०२५ मध्ये त्याला अकरा लाख डॉलरच्या वर किंमत आली. त्या मुलाचा आनंद खरा आहे आणि त्यात कुणी विरजण घालू नये. मीही पाकीट फोडताना श्वास रोखतोच. अनपेक्षिताची ओढ काढून टाकली तर पाकिटात उरणार काय?

माझा आक्षेप ओढीला नाही, प्रमाणाला आहे. गोड पदार्थात वेलदोडा असावा. वेलदोड्याचाच पदार्थ करू नये. त्या अकरा वर्षांच्या मुलाची बातमी जगभर गेली. त्याच वेळी त्याच मालाची असंख्य पाकिटे फोडून ‘काही नाही निघाले’ असे म्हणणाऱ्या मुलांची बातमी होत नाही. चार कार्डे हातात असताना ‘काही नाही’ हे शब्द तोंडून निघतात, हे मला खटकते. आणि मोठी माणसे काय शिकवतात तेही पाहा. मे २०२१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका टार्गेट दुकानाच्या वाहनतळावर खेळांच्या कार्डांवरून मारामारी होऊन बंदूक उपसली गेली, आणि त्यानंतर त्या साखळीने काही काळ दुकानांतून अशी कार्डे विकणेच थांबवले. फळीवर पाकीट दिसेना ते मुलांना. भांडणारे सगळे बाप्ये होते.

हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही, असे सुरुवातीला म्हटले ते यासाठी. पुण्यात वा नागपुरात बेसबॉल कार्ड मिळणार नाही. पण फोनवरच्या खेळात पैसे देऊन उघडायची बंद पेटी आपल्या घराघरांत आली आहे. तिचा मूळ नमुना हाच. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये अशा पेट्या जुगारात मोडतात असे ठरवले. कायदा प्रत्येक देश आपापल्या परीने करील. घरात लावायची कसोटी मात्र तीच: पेटीतून नको ते निघाले तर मुलाच्या हाती काही उरते का? कार्डाच्या बाबतीत निदान एक कागद उरतो, त्यावर एका माणसाचे नाव असते. फोनमधल्या पेटीत तेवढेही नसते.

साध्या कार्डाची किंमत ज्याने ओळखली असा एक माणूस मला नेहमी आठवतो. जेफरसन बर्डिक हा न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी कारखान्यात विजेच्या सामानाचे सुटे भाग जोडणारा कामगार. एकटा, संधिवाताने ग्रासलेला. त्याने लाखो छापील कार्डे जमवली. त्यांत बेसबॉलची तीस हजारांच्या वर. त्यांची वर्गवारी करून त्याने सूची तयार केली. वॅग्नरच्या मालिकेला आज सगळे जग ज्या ‘टी २०६’ या नावाने ओळखते तो क्रमांक त्याचाच. त्याने हा संग्रह विकला नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि वर्षानुवर्षे तिथे बसून, वाकड्या झालेल्या बोटांनी, एकेक कार्ड वह्यांत चिकटवले. काम जानेवारी १९६३ मध्ये संपले आणि मार्चमध्ये तो वारला. त्या वह्यांत वॅग्नरही आहे आणि ज्यांचे नाव कुणाला ठाऊक नाही असे हजारो खेळाडूही आहेत. चिकटवताना दोघांना डिंक सारखाच लागला. आपल्याकडे दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवून पुण्यात जे उभे केले, त्यामागची दृष्टी याच कुळातली. संग्राहक त्याला म्हणायचे, जो इतरांना क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूची बाजू घेतो.

तेव्हा कोणते पाकीट घ्यावे? मुलासाठी मुख्य संचाचे किंवा अ‍ॅलन अँड गिंटरचे घ्या. आजोबांबरोबर फोडायचे असेल तर हेरिटेज घ्या. बोमन आणि क्रोम मोठ्यांनी आपल्या पैशाने, आपण काय करीत आहोत हे समजून घ्यावीत. एखादाच आवडता खेळाडू हवा असेल तर पाकिटाच्या वाटेला न जाता त्याचे सुटे कार्ड घ्या. ते बहुतेक वेळा पाकिटाहून स्वस्त पडते. मुलाला पाकीट देताना त्याची दुबार कार्डे ठेवायला एक डबा आणि ती बदलायला एखादा मित्र, ही सोय आधी करा. किमतीचे पुस्तक शेवटी. आणि कंपनीकडे मागणे एवढेच की वर्षाकाठी निदान एक पाकीट असे काढा, ज्यात सही नाही, सदऱ्याचा तुकडा नाही, रंगांच्या पायऱ्या नाहीत, एकही कार्ड मुद्दाम कमी छापलेले नाही, आणि जे मुलाच्या खाऊच्या पैशात येते. त्यात फक्त खेळाडू असावेत.

पाकीट फुटले की सगळ्यांचे डोळे चकाकणाऱ्या कार्डाकडे जातात. मुलाला त्या आधी सर्वांत साधे कार्ड उलटे करून वाचायला सांगा. जन्मगाव कुठले, किती संघ बदलले, कुठल्या वर्षी दुखापतीने बाहेर बसला. आकड्यांच्या पाच-सात ओळींत एका माणसाची दहा वर्षांची मेहनत मावलेली असते. ती ज्याला वाचता आली, त्याच्या पाकिटातून दरवेळी काहीतरी निघतेच.